दिवा वाढवला

“ते परत वाच,” आत्याबाई म्हणाल्या.

सोमेशने लॅपटॉपवरची मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी ताकाचे पेले घेऊन दारातच थांबले होते, कारण आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. आमच्या लग्नात जेवणाची पंगत बसली आणि आमटीत मीठच नाही असं निघालं, तेव्हा त्या अशाच, अगदी हळू आवाजात, “आचाऱ्याला बोलवा,” म्हणाल्या होत्या. आचारी पुढे कित्येक वर्षं आमच्या गल्लीतून जायचं टाळत असे.

“कुठलं, अज्जी?”

“त्येच. एकदाच बंद व्हता म्हनलास ते.”

सोमेशने घसा साफ केला आणि वाचलं. “‘बांधल्यापासून आजपर्यंत वाघटेंब्याचा दिवा फक्त एकच रात्र बंद राहिला. वादळात यंत्राचा दोर तुटला आणि सहायक तात्याबा सरगर यांच्या हलगर्जीमुळे दिवा पुन्हा चालू होऊ शकला नाही.’”

“काढ ते.”

तात्याबा सरगर म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. सांगोल्याकडचं धनगराचं घर, बापजाद्यांनी मेंढरांमागे सारा मुलूख पालथा घातला, पण समुद्र कुणी पाहिला नव्हता. तात्याबा कसे कोण जाणे दीपगृहाच्या खात्यात चिकटले आणि कोकणात वाघटेंबा नावाच्या एका उघड्याबोडक्या टोकावर जाऊन राहिले. लग्न करून आत्याबाईही तिथेच गेल्या. गावाकडचे लोक म्हणत, कस्तुराबाईला पार पाण्यात दिली. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे, की तुमच्याकडं पाणीच नाही तर तुम्हाला काय कळणार.

सोमेश मूळचा मैंदर्गीचा. घरी कानडी बोलतात, म्हणून आत्याबाईंना तो आल्या आल्याच अज्जी, म्हणजे आजी, म्हणायला लागला. तो त्याच खात्यात इंजिनियर आहे आणि दीपगृहाचा सगळा इतिहास लिहून काढायचं काम त्याच्याकडे आलं आहे. त्याचं पुस्तक निघणार आहे. सुट्टीवर घरी आला होता, तात्याबांचं कुटुंब सोलापुरातच आहे असं कळलं, म्हणून वाट वाकडी करून भेटायला आला. पोरगा गुणी आहे. बाहेर एप्रिलचं ऊन नुसतं ओतत होतं, आणि हा बूट दारात काढून, पाय धुऊन आत आला. तिथेच आत्याबाईंनी त्याला पास केलं होतं.

तासभर सगळं मजेत चाललं होतं. सोमेश वाचत होता आणि आत्याबाई माहेरची खुशाली ऐकल्यासारख्या ऐकत होत्या. टोकावरचा जांभा ठिसूळ लागला म्हणून पाया खाली काळ्या खडकापर्यंत कसा नेला, बुरुजाचे दगड एकमेकांत खाचा पाडून कसे अडकवले, भिंग साहेबाच्या देशातून पेट्यांत गवत भरून कसं आलं आणि किनाऱ्यावरून वर चढवायला गावचे किती बैल लागले. माणूस आत उभा राहील एवढं ते भिंग. त्याला बसवलं होतं पाऱ्याच्या कुंडात तरंगतं, म्हणजे एवढं हत्तीचं वजन, पण एका हाताने फिरावं. फिरवायला घड्याळासारखं चावीचं यंत्र. बुरुजाच्या पोटातून एक जड वजन दोराने खाली खाली उतरत जायचं आणि त्याच्या ओढीने भिंग फिरायचं. वजन तळाला टेकायच्या आत माणसाने ते पुन्हा वर गुंडाळायचं. मध्ये रॉकेलची जाळीची बत्ती. पुढे वीज आली, पारा काढला, मोटर आली, आणि आता तर सज्ज्यावर डब्याएवढा एलईडी दिवा बसवला आहे.

“आनि काच?” आत्याबाईंनी विचारलं होतं. काच म्हणजे ते भिंग.

काच आहे, पण ती आता फिरत नाही, पाहुण्यांना बघायला ठेवली आहे, असं सोमेशने सांगितलं. त्यावर त्यांनी मान हलवली. तिला पडदे लावता का, असं मात्र त्यांनी दोनदा विचारलं. दिवसा उन्हात ते भिंग उघडं राहिलं तर उलट बाजूने ऊन गोळा करतं आणि समोर असेल ते जाळतं, म्हणून सूर्य उगवला की दिवा शांत करून पडदे ओढायचे, हा तिथला रोजचा नेम होता. आता मला कळलं की रोज सकाळी या घरातल्या सगळ्या खिडक्यांचे पडदे आत्याबाई एवढ्या घाईने का ओढतात. मला वाटायचं, सोलापूरचं ऊन, दुसरं काय.

मग ते वाक्य आलं.

“अज्जी, मी मनाचं नाही लिहिलं,” सोमेश म्हणाला. “तेव्हा चौकशी झाली होती. तात्याबांनीच तसा जबाब दिला होता, दिवा बंद होता म्हणून. त्यांची सही आहे त्याच्यावर.”

“ठावं हाय मला. सही करताना मी दाराआड हुबी व्हते.”

“मग?”

“मग काय. दिवा बंद नव्हता.”

माझे यजमान धनाजी खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. ते एसटीत वाहतूक नियंत्रक आहेत. दिवसभर माईकवरून गाड्या पुकारतात, त्यामुळे घरी आल्यावर शक्यतो तोंड उघडत नाहीत. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

“आई, कशाला उकरून काढायचं ते? आबांनी सांगितलं ते सांगितलं. आता ते नाहीत. राहू दे की.”

“ऱ्हाऊ दिलं की इतकी वर्सं.”

“मग आता काय झालं?”

“आता पुस्तकात येनार,” आत्याबाई म्हणाल्या.

मी पेले खाली ठेवले. मला वाटलं होतं, नवऱ्याच्या नावाला लागलेला डाग म्हणून त्या चिडल्या असतील, आणि ते कुठल्याही बाईला लागेलच. पण पुढे त्यांनी जे सांगितलं ते मी या घरात इतकी वर्षं राहून कधी ऐकलं नव्हतं.

जूनचं वादळ होतं. मुख्य बत्तीवाले कामासाठी तालुक्याला गेले होते आणि खाडीला उधाण आल्यामुळे पलीकडेच अडकले. तात्याबांना थंडीतापाने घेरलेलं. तसेच ते वर गेले, बत्ती पेटवली, वजन गुंडाळलं. अंधार पडून थोडा वेळ झाला असेल आणि दोर तुटला. वजन बुरुजाच्या तळाशी जाऊन आपटलं, तो आवाज खाली क्वार्टरपर्यंत आला. बत्ती जळत होती, पण भिंग थांबलं.

“बत्ती जळतीय तर मग काय बिघडलं?” मी मध्येच विचारलं.

याचं उत्तर सोमेशने दिलं. प्रत्येक दीपगृहाची स्वतःची चाल असते. कुणाचा झोत एकदाच पडतो, कुणाचा लगोलग तीनदा. वाघटेंब्याचा लगोलग दोनदा, मग मोठा अंधार, मग पुन्हा दोनदा. जहाजावरचा माणूस त्या चालीवरून ओळखतो की आपण कुठं आहोत. भिंग थांबलं तर दिवा एकाच जागी नुसता लागून राहतो. बघणाऱ्याला वाटतं, हे वाघटेंबा नव्हे, हे दुसरंच कुठलं तरी बंदर आहे. आणि तो त्या हिशेबाने जहाज वळवतो.

“बंद दिवा परवडला,” सोमेश म्हणाला. “थांबलेला दिवा खोटं सांगतो.”

“आसं,” आत्याबाई म्हणाल्या. “ह्येला कळतंय.”

तात्याबा हाताने भिंग फिरवू लागले. नियमच तसा होता, यंत्र बिघडलं तर हाताने फिरवायचं. पण अंगात ताप, त्यात बत्तीची धग. आत्याबाई पेज घेऊन बुरुजाच्या पायथ्याशी आल्या आणि हाक मारली तर उत्तर नाही. बायकांनी वर जायचं नाही असा तिथला कडक नियम होता, खालच्या दारावर तशी पाटीही होती. त्यांना वाचता येत नव्हतं, पण पाटीवर काय आहे ते माहीत होतं. त्या वर गेल्या. तात्याबा जमिनीवर पडले होते, शुद्ध नव्हती. आणि काच थांबली होती.

पुढचं त्यांनी अगदी साधं करून सांगितलं. काच ढकलायला सोपी. अवघड असतं ते सारखं ढकलणं, एका चालीत, न थांबता, न घाई करता. पण तेच तर त्या लहानपणापासून करत आल्या होत्या. गावी पहाटे उठून जात्यावर बसायच्या. जातं घाईने ओढलं तर पीठ जाडं पडतं, रेंगाळलं तर दाणे अडकतात. ओवी म्हणतात ती काही गळा चांगला आहे म्हणून नव्हे, हात एका चालीत राहावा म्हणून. तात्याबा वर राबत असताना त्या दिव्याची चाल त्यांनी अंगणातून वर्षानुवर्षं पाहिलेली होती. त्यांनी काचेला हात लावला, ओवी धरली आणि पहाटेपर्यंत काचेभोवती चालत राहिल्या.

“आणि सकाळी?” सोमेशने विचारलं. त्याचे हात लॅपटॉपवरून कधीच खाली आले होते.

“सकाळी उजाडलं. दिवा वाढवला. परदं वढलं. मग ह्यांना पाठुंगळी घिऊन खाली आले.”

‘वाढवला’ ऐकून एरवी मला हसू आलं असतं, त्या दिवशी आलं नाही. त्याच ‘वाढवला’वरून मी या घरात पहिली बोलणी खाल्ली होती. नवी नवरी होते, देवापुढची समई फुंकली आणि सहज म्हणाले, दिवा विझवला. आत्याबाई चमकून उठल्या. दिवा विझवत नसतात, दिवा वाढवतात. जसा नारळ वाढवायचा, हातातली बांगडी वाढवायची, तसा दिवा वाढवायचा. आमच्या माळशिरसकडे दिव्याला निरोप देतात. मी तसं म्हणून पाहिलं, तर म्हणाल्या, निरोप पाहुण्याला देतात. तेव्हापासून मी मुकाट्याने दिवा वाढवते.

वादळानंतरच्या त्या सकाळी दीपगृहावरचा फोन वाजला. वाऱ्यापावसाने तारेत नुसती खरखर. तात्याबा अंथरुणात ग्लानीत, म्हणून फोन आत्याबाईंनी घेतला. पलीकडून कुणीतरी साहेब ओरडून विचारत होते, दिव्याचं काय झालं, दिवा कसा आहे. त्यांनी खरं तेच सांगितलं. दिवा वाढवला, साहेब.

साहेब मराठीच होते, हीच पंचाईत झाली. बांगडी वाढवली म्हणजे फुटली, नारळ वाढवला म्हणजे फोडला, एवढं त्यांना माहीत होतं. दिवाही तसाच वाढवतात, हे त्यांच्या घरी कुणी म्हणत नसावं. त्यांनी ऐकलं, वादळात दिवा फुटला. तसं त्यांनी पुढे कळवलं.

ओहोटी लागल्यावर खात्याची मंडळी आली. पाहतात तर दिवा धडधाकट, दोर तेवढा तुटलेला. मग प्रश्न असा, की दिवा फुटला म्हणून खोटं कुणी कळवलं, आणि दोर तुटल्यावर रात्रभर काच फिरवली कुणी. तात्याबांनी फिरवली म्हणावं तर सकाळी गावातून आलेल्या कंपाउंडरने त्यांना बेशुद्ध पाहिलेलं. म्हणजे दोनच उत्तरं उरली. बायकोने फिरवली, किंवा कुणीच नाही.

“बाईमानूस वर गेलं म्हनल्यावर ह्यांची नोकरी तर जात व्हतीच,” आत्याबाई म्हणाल्या. “पर माजी पन चौकशी झाली असती. मला दहा पुरुषांत हुबं करून इचारलं असतं. ते ह्यांना नको व्हतं. म्हनले, कुनी न्हाय फिरवली, दिवा बंद व्हता, माजी चूक.”

त्यानंतर तात्याबांना कधीही दिव्यावर चढू दिलं नाही. बदली झाली कोठारावर. उरलेली नोकरी त्यांनी पिंपांना रंग देण्यात आणि साखळ्या मोजण्यात काढली. रिटायर झाल्यावर ते सोलापूरला आले. संध्याकाळी अंगणात बसून पूर्वेकडे तोंड करायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, तिकडे समुद्र नाही ना, म्हणून बरं वाटतं.

सोमेश मग फार सांभाळून बोलला. तो म्हणाला, अज्जी, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण मी हे लिहिलं तर वरचे लोक विचारणार, पुरावा काय. एका बाजूला सहीचा जबाब आहे. दुसऱ्या बाजूला काय आहे?

“मी हाय की.”

“तसं नाही, अज्जी…”

“थांब. ती चाल ठावं हाय ना तुला? घड्याळ लाव.”

सोमेशने फोनवर घड्याळ लावलं. आत्याबाईंनी कॉटवर बसल्या बसल्या डोळे मिटले आणि ओवी धरली.

“फिर रं काचंच्या जात्या, नगं थांबूस राती,
पान्यामंदल्या लेकरांची वाट तुज्या हाती…”

आवाज थकलेला होता. मध्ये दम लागला, एक शब्द गिळला गेला. ओवी संपली तेव्हा सोमेश फोनकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. चाल जुळत नव्हती. फार लांबली होती. त्याने आणखी एकदा म्हणायला लावली, तर ती आणखी लांबली.

“बघ,” धनाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती, आणि मला तेव्हा त्यांचा राग आला. “वय झालं, आई. आठवणी अशा एकमेकींत मिसळतात. राहू दे. सोमेश, तुम्ही तुमचं लिहा.”

आत्याबाईंनी पाय खाली सोडले, पदर खोचला आणि सरळ मागच्या दाराने परसात गेल्या. आम्ही तिघेही मागे गेलो. मला वाटलं, रडायला गेल्या असतील. इतकी वर्षं एका घरात राहूनही माणसं कळत नाहीत ती अशी.

त्या दिवशी आमच्याकडे नळाला पाणी आलं होतं. सोलापुरात पाण्याचा दिवस म्हणजे सणच. घरातलं एकूण एक भांडं भरून ठेवलं होतं आणि परसाच्या मध्यावर निळं बॅरल तोंडापर्यंत भरलेलं होतं. आत्याबाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“बसून कुटं काच फिरती,” त्या म्हणाल्या. “मी पन काय येडी. काच ह्येच्यापरीस मोटी व्हती. पर आसू दे.”

त्यांनी उजवा हात लांब करून बॅरलच्या काठावर ठेवला, अंग मागे घेतलं आणि चालायला लागल्या. अनवाणी. फरशी भाजत होती, पण काठावरून सांडलेल्या पाण्याने त्यांची पावलं ओली होत होती. ओवी पुन्हा सुरू झाली, आणि या वेळी ती निराळीच होती. आवाज तोच, पण पाऊल पुढे पडेल तसा शब्द पडत होता. दम लागला तरी पाऊल थांबत नव्हतं, त्यामुळे ओवीही थांबत नव्हती. शेजारच्या गच्चीवर पापड वाळवायला आलेली धनलक्ष्मी कठड्याशी येऊन बघत राहिली. तिने मला खुणेने विचारलं, काय चाललंय. मी तिला हातानेच गप्प राहायला सांगितलं.

सोमेश फोनकडे आणि आत्याबाईंकडे आळीपाळीने बघत होता. तो हलक्या आवाजात मला म्हणाला, वहिनी, जुळतंय असं वाटतंय, पण झोत कुठं पडतो ते कसं कळणार, काच नाही ना इथं.

तेव्हा मागून आवाज आला.

“आत्ता.”

मी वळून पाहिलं. धनाजी दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. डोळे मिटलेले.

“आत्ता,” ते पुन्हा म्हणाले. मग लगेच, “आत्ता.” मग बराच वेळ काही नाही. आत्याबाई चालत होत्या, त्यांची ओवी दुसऱ्या ओळीवर गेली. आणि मग पुन्हा, “आत्ता. आत्ता.”

सोमेशने फोन माझ्यापुढे धरला. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तो म्हणाला, वहिनी, सेकंदाला सेकंद जुळतंय.

आत्याबाई थांबल्या. “तुला कसं ठावं?”

धनाजींनी डोळे उघडले.

“मी जागा होतो,” ते म्हणाले. “तू मला क्वार्टरमध्ये ठेवलंस आणि बाहेरून कडी लावलीस. मी उठलो तर कुणीच नाही. खिडकीतून समोरच्या काजूच्या झाडावर उजेड पडायचा. लगोलग दोनदा. मग अंधार. अंधारात मी रडायचो, उजेड पडला की गप बसायचो. रात्रभर. तू आलीच नाहीस.”

“तुजा आवाज वर येत नव्हता, बाळा.”

“मला माहीत आहे.”

“मग इतकी वर्सं बोलला न्हाईस ते?”

“आबांनी सांगून ठेवलं होतं. कुणी विचारलं तर म्हणायचं, मी झोपलो होतो.” मग आईकडे बघत म्हणाले, “आणि मला राग होता. तुझा.”

एवढं बोलून ते सोमेशकडे वळले आणि त्यांच्या डेपोतल्या आवाजात, अगदी सरळ म्हणाले, “लिहून घ्या. दिवा बंद नव्हता. मी धनाजी तात्याबा सरगर. मी पाहिलाय.”

आम्ही आत आलो. आत्याबाईंचे पाय भाजले होते, पण त्यांनी मला हात लावू दिला नाही. सोमेश लॅपटॉप उघडून बसला खरा, पण लिहीना. आता त्याच्यापुढे वेगळाच पेच होता आणि तो त्याने लपवला नाही. दिवा चालू होता असं लिहायचं म्हणजे तात्याबांचा जबाब खोटा होता असंही लिहावं लागणार. आत्तापर्यंत पुस्तकात ते हलगर्जी माणूस होते. आता खोटं बोलणारा माणूस होतील. तुम्हाला चालेल का, असं त्याने विचारलं. नाहीतर मी ते वाक्यच काढून टाकतो, म्हणाला. कुणाचंच नाव नको, काहीच नको.

धनाजी आईकडे बघत होते. मीही. वाक्य काढून टाकणं सगळ्यांच्या सोयीचं होतं. तासाभरापूर्वी आत्याबाईंनी स्वतः तेवढंच मागितलं होतं.

“काडू नगं,” आत्याबाई म्हणाल्या. “लिही. मानूस खोटं बोलला म्हनून लिही. बायकूसाटी बोलला, तेबी लिही. मानूस खोटं बोलला तर चालतंय, त्येला कारन आसतंय. दिवा खोटं बोलला न्हाय. येवढं लिही.”

सोमेशने लिहायला घेतलं. खोलीत बोटांचा टकटक आवाज येत राहिला. लिहिता लिहिता त्याने मान वर न करता विचारलं, “आणि सकाळी, अज्जी? सूर्योदयाला दिवा…”

तो अडखळला. आत्याबाईंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. “वाढवला,” तो म्हणाला आणि तसंच लिहिलं. मग स्वतःशीच पुटपुटला, वरचे कुणी हा शब्द कापतील, छापायच्या आधी त्यांच्याकडे जातं.

“कोन कापतंय त्येचं नाव मला सांग,” आत्याबाई म्हणाल्या. “मी येते तितं. धनाजी गाडीत बशिवतोय की.”

धनाजी म्हणाले, “सकाळची गाडी आहे.”

सोमेश गेला तेव्हा ऊन थोडं उतरलं होतं. आत्याबाई कॉटवर आडव्या झाल्या आणि लगेच झोपल्या. त्या कधी दुपारी झोपत नाहीत. मी चिंधी घेऊन मागे परसात गेले, सांडलेलं पाणी पुसून घ्यावं म्हणून. बॅरलभोवती फरशीवरच्या ओल्या धुळीत त्यांच्या पावलांचा एक गोल उमटला होता. एकावर एक पडलेली पावलं, पण सगळी त्याच वाटेवर, कुठे आत नाही की बाहेर नाही.

धनाजी तिथेच पायरीवर बसले होते. मी वाकले तसे म्हणाले, “राहू दे ते.”

ते तसंही वाळणारच होतं. कडेची पावलं फिकी व्हायला लागली होती. आतून आत्याबाईंनी झोपेतच काहीतरी विचारल्यासारखं वाटलं, तसे धनाजी उठले. त्या गोलावर पाय पडू नये म्हणून भिंतीला अंग घासत, कडेकडेने दारापर्यंत गेले आणि आत बघून म्हणाले, “नीज, आई. दिवा चालू आहे.”